बारा नंबरची जागा

१

आचलचं साक्षगंध झालं ते साल दोन हजार पंधरा. त्या वर्षी सोयाबीननं सगळ्या वऱ्हाडालाच दगा दिला होता आणि कापूस बोंडातच आटला होता. म्हणून दोन्ही घरांनी मिळून ठरवलं, की जेवणात गोड एकच करायचं, मंडप घालायचा नाही, अमरावतीला राजापेठेतल्या मुलीच्या घराच्या गच्चीवरच कापड ताणायचं. हसण्याला मात्र काही लागत नाही, ते पोटभर करायचं.

पोरीचे मामा भगवंतराव सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून आले. जन्म सगळा रेल्वेत टीसी म्हणून गेला. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण सवय सुटली नव्हती. कुठंही गेले की बसलेल्या माणसांकडे त्यांची नजर आधी जात नसे. रिकाम्या जागांकडे जायची. आशाबाई, त्यांची धाकटी बहीण, हसून म्हणायची की दादाला जेवायला बोलावलं तर तो आधी कोण आलं नाही ते सांगतो.

गच्चीवर चढल्या चढल्या त्यांना कोपऱ्यातल्या सतरंजीवर एक म्हातारा दिसला. पांढरं धोतर, डोक्यावर भगवी टोपी, मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली खंजिरी. गच्चीवर पाहुण्यांची दाटी होती, लोक एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि या म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला मात्र एका माणसाची जागा मोकळी होती. कोणी बसायला आलं की तो हळूच सांगायचा, तिकडं बसा भाऊ. आशाबाईंनी पेढा दिला, तो त्यानं कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

भगवंतरावांनी त्याला ओळखलं. चांदूर बाजारजवळच्या एका गावच्या समाधान भजन मंडळाचे देवराव. एके काळी हे मंडळ बडनेऱ्यावरून कुठं कुठं भजनं म्हणत जायचं आणि टीसीचा डबा फुकटात भक्तीत न्हाऊन निघायचा. तिकीट मात्र प्रत्येकाजवळ असायचं, त्यात कसूर नाही.

देवरावांनी खूण केली. भगवंतराव जाऊन समोर बसले, मोकळ्या जागेवर नाही.

"आमचं मंडळ गायब झालं," देवराव म्हणाले.

"मंडळ तं खाली जिन्यापाशी बसून चहा पिऊन राहिलं. मी आत्ताच पाहिलं."

"माणसं हायेत. पानावरून गायब झालं."

दुसऱ्या दिवशी राजापेठेतल्या एका मंगल कार्यालयात खंजिरी भजनांची स्पर्धा होती. समितीनं त्या वर्षापासून कागद बंद केला होता. मंडळांची नावं इंटरनेटवरच्या एका पानावर, ज्याला पाहिजे त्यानं मोबाइलवर पाहावं. त्या संध्याकाळी दिवेलागणीला पानावर जी मंडळं दिसतील तीच उद्या गातील. देवरावांनी वेळेत जाऊन नोंद केली होती. पुतण्याच्या मोबाइलवर सकाळी पाहिलं, तर आपलं मंडळ कुठंच नाही.

भगवंतराव म्हणाले की एका वर्षानं काय बिघडतं, पुढच्या साली गा.

देवरावांनी मान हलवली. "यंदा नाई गायलो तं पुढच्या साली गाता येत नाई."

"कावून?"

"ते मी आज या घरात सांगत नाई, भगवंतराव. इथं शुभकार्य हाये."

२

स्पर्धेच्या समितीचे चिटणीस म्हणजे पोरीचे वडील, खुशालराव. माइकही तेच धरायचे आणि घंटाही त्यांच्याच हातात असायची. मंडळाची वेळ संपली की घंटा वाजणार, मग समोर प्रत्यक्ष देव का गात असेना.

भगवंतरावांनी त्यांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं. खुशालराव नव्या कोटात घामाघूम झाले होते.

"जवाईबुवा, समाधान मंडळाचं नाव कोनं काढलं?"

खुशालरावांचा चेहरा उतरला. त्यांनाही सकाळीच कळलं होतं, आणि कळल्यापासून त्यांना पेढा गोड लागत नव्हता. कारण सगळ्या वऱ्हाडात जर कोणावर बोट दाखवायचं झालं, तर लोक त्यांच्यावरच दाखवणार होते. समाधान मंडळाचे प्रमुख गायक बुधाजी म्हणजे त्यांचे जुने दोस्त. दोन हजार अकरा सालच्या स्पर्धेत बुधाजी रंगात आले असताना, अगदी शेवटच्या ओळीवर, खुशालरावांनी घंटा वाजवली होती. नियम तो नियम. बुधाजींनी ओळ तोंडातच ठेवली, खंजिरी फडक्यात बांधली आणि उठून गेले. त्यानंतर ते स्पर्धेला आले नाहीत, की या घरीही आले नाहीत.

"मले वाटलं होतं यंदा येते तो," खुशालराव म्हणाले. "देवरावाले पाहून जिवाले बरं वाटलं. मी विचारलं, बुधाजी कुठी हाये. तं देवराव म्हणे, मी आलो ना. बस. अजून राग गेला नाई त्याचा."

"मंग हातानं नाव टाका आन् मोकळे व्हा."

ते तेवढं सोपं नव्हतं. मागच्या वर्षी ऐन वेळी कोणाचं तरी नाव हातानं घुसवलं गेलं आणि दोन मंडळांची टाळांनीच मारामारी झाली. म्हणून तर हा पानाचा नियम आला, आणि तो खुशालरावांनीच सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. आता नाव टाकलं तर बाकीची मंडळं उठतील. नाही टाकलं तर लोक म्हणतील, घंटेवाल्यानं डाव साधला. नोंद वेळेत झाली होती असं कोणी दाखवून दिलं, तरच मार्ग निघत होता.

"पान कोन चालवते?"

"आपल्या गल्लीतला साजिद. कॉम्प्युटरचं दुकान हाये. पोरगा चांगला हाये, पण..." खुशालराव घुटमळले. "संशयच घ्यायचा तं आणखी एक जन हाये. पण तिले मी विचारू शकत नाई. तुमीच विचारा."

"कोन?"

खुशालरावांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथं हिरव्या शालूत, पायावर पाय टाकून, मानाच्या खुर्चीवर बसली होती ललिता. नवऱ्या मुलाची, पियुषची, आई. आजच्या दिवसापासून या घराची विहीण.

३

विहिणीची उलटतपासणी करणं म्हणजे राखीव डब्यात बिनतिकिटाच्या फौजदाराला उठवण्यासारखं आहे, हे भगवंतरावांना अनुभवानं ठाऊक होतं. ते आधी सरबताचा पेला घेऊन गेले.

ललिताबाईंचं दर्यापूरला बायकांचं भजन मंडळ होतं. पानावर मंडळं तालुक्यांच्या नावाप्रमाणे लावली होती. अकोला, अचलपूर, अमरावती, मग चांदूर बाजार, मग दर्यापूर. म्हणजे समाधान मंडळ नेमकं यांच्या आधी यायला हवं होतं. ते गेलं तर यांची पाळी जेवणाच्या सुट्टीआधी लागत होती, आणि जेवण झाल्यावर ऐकणारे अर्धे झोपतात हे कोणाला माहीत नाही. खुशालरावांचा संशय एवढ्यावर उभा होता.

"विहीणबाई, तुमचं मंडळ कितवं लागलं?"

"तेरावं," ललिताबाई ताडकन म्हणाल्या. "आन् तेच मले तुमच्या जवायाले विचारायचं होतं. चांगलंच विचारणार होती, पण आज म्हटलं आपन मुलाकडचे, आज नाई भांडावं. आमच्या आधी अकरा मंडळं हायेत. मी बोटानं मोजली. मंग आमी तेरावे कसे?"

भगवंतरावांच्या हातातला पेला थांबला. "कधीपासून तेरावे हा तुमी?"

"सोमवारपासून. आमच्या पोरींनी तं त्याचा फोटो काढून एकमेकींना पाठवला. तेराचा नंबर कोनाले आवडते? मी साजिदच्या दुकानात फोन केला. ती पोरगी, त्याची बायको, म्हणे काकू, नंबर आपोआप पडते, आमी टाकत नाई."

पियुष मागून हळूच म्हणाला की आईनं त्या दिवशी दुकानाला तीनदा फोन केला होता. ललिताबाईंनी मान न वळवता सांगितलं की मुलानं आजपासून सासरची बाजू घ्यायला सुरुवात केलेली दिसते.

भगवंतरावांनी तो फोटो पाहायला मागितला. मोबाइलवर एकाखाली एक चौकटी. प्रत्येक चौकटीत मंडळाचं नाव, गाव, प्रमुख गायकाचं नाव, फोन. अकरा नंबर अमरावतीचं एक मंडळ. त्याखाली लगेच तेरा, दर्यापूरचं महिला मंडळ, प्रमुख गायिका ललिता. मध्ये काही नाही. अचलपूरच्या एका मंडळाच्या चौकटीत फोनची जागा कोरी होती, तेही त्यांनी पाहून ठेवलं.

"तुमच्या मंडळात प्रमुख तुमीच का?"

ललिताबाई हसल्या. "आमच्यात कोनी प्रमुख नाई. सगळ्याच प्रमुख. आमी तं ते नाव दिलंच नव्हतं. मंग काय झालं कोनास ठाऊक, सगळं पानच पांढरं पडलं. कोनाचंच मंडळ दिसेना. समितीचा फोन आला, म्हणे नाव द्या बापा कोनाचं तरी. त्या वक्ती मी घरात होती, म्हणून माझं दिलं. तेव्हापासून बाकीच्या सहाजणी माझ्याशी नीट बोलत नाईत."

भगवंतराव उठले. जिन्याशी आशाबाईंनी विचारलं की दादा, जेवायचं सोडून कुठं चाललास. ते म्हणाले, चार्ट पाहायला.

कारण त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. समाधान मंडळाचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

४

साजिदचं दुकान ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली होतं. बाहेर पोरांच्या सायकली आणि स्कूटींची अशी गर्दी, की आत जायला आडवं व्हावं लागे. आत साजिद आणि त्याची बायको यास्मीन, दोघंही तोंड पाडून कॉम्प्युटरसमोर बसले होते. खुशालरावांचा फोन त्यांना आधीच आला होता.

"काकाजी, अल्लाची कसम, मी काई काढलं नाई," साजिद म्हणाला. "सकाळपासून शोधून राहिलो. हे पाहा, नोंद जशीच्या तशी हाये. समाधान भजन मंडळ, तालुका चांदूर बाजार. पानावर दिसत नाई एवढंच. पन आता मी हे दाखवलं तं लोक काय म्हणतील? आत्ताच घुसवलं म्हणतील."

"नाई म्हणत," भगवंतराव स्टुलावर बसत म्हणाले. "ते मी पाहतो. तुमी मले एवढं सांगा, नंबर कसे पडतात?"

यास्मीननं सांगितलं. पान कोणी हातानं लिहीत नाही. एक साचा असतो. त्यात नाव, गाव, प्रमुख यांच्या जागा मोकळ्या असतात. साचा नोंदी एकेक करून उचलतो, नंबर देतो आणि माहिती त्या जागांमध्ये भरत जातो.

"म्हणजे एखादी नोंद काढून टाकली तं?"

"तं पुढची वर सरकते. तेरावी बारावी होते."

"बरोबर," भगवंतराव म्हणाले. "गाडीत मानूस रद्द झाला की त्याचा बर्थ मी दुसऱ्याले देतो. पन अकरा आन् तेराच्या मधात बारा नंबर तसाच रिकामा हाये, कोनाले दिला नाई, तं त्याचा अर्थ काय? बाराचा प्रवासी गाडीत हाये. तुमच्या साच्यानं त्याले नंबर दिला, आन् मंग दिसू दिलं नाई. आन् हे सोमवारपासून हाये. दर्यापूरच्या सहा बायांच्या मोबाइलात फोटो हायेत, तारखेसकट. आज कोनी घुसवलं म्हणूच शकत नाई."

साजिदनं मोठा श्वास सोडला. यास्मीन पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली की त्या काकूंचे तीन फोन आले तेव्हा मी वैतागले होते, आता त्यांना मिठाई पाठवावी लागेल.

"मिठाई नंतर. आता दुसरं. पान एकदा पांढरं पडलं होतं ना? दर्यापूरच्या बायांनी प्रमुखाचं नाव दिलं नाई म्हणून?"

साजिद म्हणाला, हो. मग त्यानं समजावून सांगितलं. साचा विचारतो, या मंडळाचा प्रमुख कोण, आणि त्या प्रमुखाचं नाव काय. नाव कोरं असलं तरी चालतं, कोरी जागा उमटते. अचलपूरच्या त्या फोनसारखी. पण नोंदीत प्रमुख हा कप्पाच नसला, तर जो नाहीच त्याचं नाव कसं सांगणार? साचा तिथंच अडतो, आणि तो अडला की सगळं पान जातं.

भगवंतरावांनी मान डोलावली. "बर्थ रिकामा असनं वेगळं. डबाच जोडला नाई हे वेगळं. डबा हाये समजून टीसीनं पाय टाकला तं टीसी रुळावर."

"अगदी तसंच, काकाजी."

"मंग आता मले हे सांग. असं एकदा झालं. मंग दुसऱ्या वक्ती पान पांढरं कावून पडलं नाई?"

साजिदचे कान लाल झाले.

५

पान पांढरं पडलं त्या दिवशी खुशालरावांनी साजिदला फोनवर अर्धा तास झापलं होतं. पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी कागदच आणू, असं सांगितलं होतं. साजिदनं घाईघाईत साच्याला शिकवलं, की कुठं अडलंच तर बोंब मारायची नाही, ती चौकट गुपचूप सोडून द्यायची आणि पुढं जायचं. पान कधीच पडणार नाही. त्याला वाटलं, सगळं सुखरूप झालं. दर्यापूरचं नाव आलं होतं, आता कोणाचंच काही राहिलं नव्हतं. मग ही गोष्ट तो विसरूनही गेला.

"पन समाधानवाल्यांची नोंद माझ्या हातची नाई," तो म्हणाला आणि बायकोकडे पाहू लागला.

यास्मीन सांगू लागली. देवराव आले त्या दिवशी ती दुकानात एकटी होती. तिनं प्रमुख गायकाचं नाव विचारलं. म्हातारबाबा म्हणाले, यंदा प्रमुख नाही. ती म्हणाली, तुमचंच टाकते बाबा. तर ते एकदम खुर्चीवरून उठले. म्हणाले, माझं टाकू नको बेटी, कोणाचंच टाकू नको, ती जागाच उघडू नको. मग तिनं प्रमुखाचा कप्पा उघडलाच नाही. नोंद स्वीकारली गेली, तेव्हा तिला वाटलं, चालत असेल.

म्हणजे यास्मीननं म्हाताऱ्याचा मान राखला होता, साजिदनं पान राखलं होतं, आणि दोघांच्या मध्ये मंडळ सांडलं होतं.

"गुन्हेगार सापडला," भगवंतराव म्हणाले. "पन त्याले धरून नेता येत नाई. साचा हाये तो."

साजिदनं विचारलं की आता प्रमुखाच्या जागी कोणाचं नाव टाकू, दिवेलागणीला थोडाच वेळ आहे, देवराव काका काही ऐकणार नाहीत. ते नाव का देत नाहीत?

भगवंतराव उठून बाहेर पडले. गच्चीवर आता जेवणं आटोपत आली होती. देवराव तसेच बसले होते, मोकळी जागा तशीच होती. भगवंतरावांनी त्यांना हात धरून उठवलं आणि घराच्या पायऱ्या उतरवून, रस्त्याच्या पार पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं.

"आता आपन शुभकार्याच्या घराबाहेर हावो," ते म्हणाले. "बोलाले हरकत नाई. तुमी पेढा खाल्ला नाई, खिशात ठेवला. शेजारची जागा कोनाले दिली नाई. ही खंजिरी तुमची नाई, तुमी टाळ वाजवता, मी गाडीत पाहिलं हाये. आन् यंदा नाई गायले तं पुढच्या साली गाता येत नाई. देवराव, बुधाजी गेला का?"

देवरावांनी फडक्यावरून हात फिरवला.

त्यांच्या मंडळाची ही जुनी रीत होती. प्रमुख गेला की वर्षभर त्याच्या जागेवर कोणी बसायचं नाही. त्याची खंजिरी तिथं ठेवायची. भजनात त्याची ओळ आली की सगळ्यांनी गप्प राहायचं, टाळही थांबवायचे, आणि ओळीपुरता वेळ जाऊ दिला की पुढची ओळ उचलायची. वर्ष झालं की जागेवर नवा प्रमुख बसतो. मग तो जुन्याच्या नावानं गाऊ शकत नाही. म्हणून यंदा नाही तर कधीच नाही.

"कोनाचंच नाव नाई देता येत," देवराव म्हणाले. "दिलं तं जागा भरली. मी बसलो असतो ना त्याच्या जागेवर, खोटं काय सांगू, आवाज माझाही बरा हाये. पन त्याची ती ओळ राहून गेली होती. खुशालरावानं घंटा मारली त्या दिवशीची. मरायच्या आदल्या महिन्यात बुधाजी म्हणे, यंदा जाऊ, पाहू घंटा मारते का. हसत होता. तो निघायच्या आधीच निघून गेला. मी म्हटलं, त्याले नेऊन आनतो."

भगवंतरावांनी विचारलं की हे खुशालरावांना तुम्ही सांगता का मी सांगू.

६

खुशालरावांना भगवंतरावांनीच सांगितलं, पाहुणे पांगल्यावर, त्याच टाकीमागे. त्यांनी कोट काढून हातावर घेतला आणि बराच वेळ टाकीचा नळ चालू-बंद करत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं राग हाये त्याच्या मनात."

"होता," भगवंतराव म्हणाले. "म्हणूनच येनार होता."

दोघं साजिदच्या दुकानात गेले, तेव्हा देवराव आणि ललिताबाई आधीच तिथं पोचले होते. आपला नंबर बरोबर तेरावा आहे हे ललिताबाईंना यास्मीननं समजावून सांगितलं होतं, आणि आता त्याच पुरावा असल्यामुळे त्यांचा रुबाब काही औरच होता. मोबाइल हातात धरून त्या म्हणाल्या की कोणत्या मंडळाला शंका असेल त्यानं माझ्याशी बोलावं. कोणाची बिशाद नव्हती.

साजिदनं साचा उघडला होता. "काकाजी, मी हे गुपचूप सोडून द्यायचं काढून टाकलं. आता साचा आधी विचारते, प्रमुख हाये का. असला तं नाव लिहिते. नसला तं पडत नाई, आन् मंडळाले झाकतही नाई. त्या जागेवर मी सांगतो ते लिहिते. दर्यापूरच्या काकूंनाही आता कोनाचं नाव द्यायची गरज नाई."

"माझं राहू दे," ललिताबाई घाईनं म्हणाल्या.

"आन् कोनाचं काई राहिलं असेल तं मले वेगळी सूचना येते. लपत नाई. आता फक्त सांगा, प्रमुख नसला तं काय लिहू? माहिती नाही, असं लिहू?"

"माहिती हाये ना," देवराव म्हणाले. "सगळ्यांना माहिती हाये."

भगवंतरावांना गाडीत रात्री-बेरात्री चढणारे लोक आठवले. बर्थवर कोणी नसतं, नुसता रुमाल असतो, आणि शेजारचा प्रवासी टीसीकडे पाहून सांगतो. ते तोच शब्द बोलले. साजिदनं तो लिहिला. पान उघडलं, तेव्हा बारा नंबरची चौकट अकरा आणि तेराच्या मध्ये, जणू तिथंच होती अशी, येऊन बसली. देवरावांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. बाहेर रस्त्यावरचे दिवे तेव्हाच लागत होते.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय भरलं होतं. पडद्यावर पान होतं आणि खुशालराव माइकवर एकेक मंडळ वाचत होते. अकरा झालं. ते पाणी प्यायले.

"क्रमांक बारा. समाधान भजन मंडळ, तालुका चांदूर बाजार. प्रमुख गायक," ते म्हणाले आणि पडद्याकडे वळून पाहिलं, "जागा राखली आहे."

मंडळ बसलं. मधली सतरंजी मोकळी, तिच्यावर फडकं सोडून ठेवलेली खंजिरी. देवराव टाळ घेऊन बाजूला. भजन तेच होतं, अकरा सालचं. लोक हळूहळू माना डोलवू लागले. शेवटाकडे बुधाजींची ओळ आली, तसे सगळे एकदम थांबले. टाळ थांबले. कोणी खोकलंही नाही. त्या थांबण्यात मंडळाची वेळ संपली. ललिताबाईंच्या मंडळानं, समितीनं, सगळ्या कार्यालयानं घंटेकडे पाहिलं.

खुशालरावांनी घंटेची जीभ मुठीत धरली होती. ती त्यांनी सोडली नाही. ओळ पुरी झाली, देवरावांनी पुढचं उचललं, आणि मग खुशालरावांना जे काही डोळ्यांतून पुसायचं होतं ते त्यांनी कोटाच्या बाहीनं पुसलं. बाजूला बसलेल्या भगवंतरावांनी सवयीप्रमाणे कार्यालयभर नजर फिरवली. रिकामी जागा एकच होती, आणि ती राखलेली होती.

वेळ ओलांडली म्हणून समाधान मंडळाचे गुण कापले गेले. नियम तो नियम, असं खुद्द देवरावच म्हणाले, आणि पेढा मात्र त्यांनी खिशातून काढून खंजिरीपाशी ठेवला. पहिला नंबर दर्यापूरच्या बायकांचा आला. तेराचा आकडा आपल्याला लाभतो हे ललिताबाई आचलच्या लग्नात जेवणाच्या प्रत्येक पंगतीला सांगत होत्या.

बुधाजी नथ्थूजी वानखडे, समाधान भजन मंडळाचे प्रमुख गायक, एकोणीस ऑगस्ट दोन हजार पंधरा रोजी, नागपंचमीच्या पहाटे, आपल्या घरी झोपेत वारले.